थोरला गुरुवार

आमच्या सरांच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर आधी चपला काढायच्या, मग दोन्ही हातांनी कडी धरायची आणि दार पोटाशी घेत घेत आत सरकायचं. देवळातसुद्धा मी इतक्या नम्रपणे कधी गेले नाही. दारावर सरांच्या वळणदार अक्षरात पाटी होती, 'हळू या. आत वाढ चालू आहे.' नवीन आलेले शिपाई ही पाटी वाचून बिचकायचे. एकानं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, आत नेमकं काय वाढतंय? चावत तर न्हाई ना?"

वाढत होते क्रिस्टल. सर फिजिकल केमिस्ट्रीचे प्राध्यापक. नगर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेला रस्ता, त्याला लागून आमचं कॉलेज, आणि कॉलेजच्या मागच्या अंगाला ही खोली. तिथं सरांनी जन्मभर एकच उद्योग केला. एखादा क्षार पाण्यात विरघळवायचा, बीकरच्या तोंडाला कागद बांधायचा, कागदाला टाचणीनं चार भोकं पाडायची आणि वाट बघायची. पाणी हळूहळू उडून जातं आणि तळाशी एक खडा धरतो. नशीब असेल तर तो खडा काचेसारखा नितळ वाढतो. नशीब नसेल तर तळाशी नुसता भुगा होतो, त्याला सर 'पोह्यांचा चुरा' म्हणायचे. आणि नशीब बहुतेक वेळा नसायचंच.

खडा वाढला की खरी परीक्षा. त्यावर लेसरचा न दिसणारा प्रकाश सोडायचा. क्रिस्टल चांगल्या घराण्यातला असेल तर त्यातून हिरवा प्रकाश बाहेर येतो. याला नॉनलिनियर ऑप्टिक्स म्हणतात, आणि हे सर कोणालाही समजावून सांगत. खरंच कोणालाही. एकदा राहुरीहून येताना एसटीत कंडक्टरनं सहज विचारलं, "सर, तुमी काय शिकिवता?" झालं. सरांनी तिकिटाच्या पाठीमागे आकृती काढली. "हे बघा, दोन कण आत जातात. डोळ्यांना दिसत नाहीत असे. आणि एक हिरवा कण बाहेर येतो."

कंडक्टरनं तिकीट उलटंसुलटं करून बघितलं. "दोन आत गेलं आन् एकच भाईर आला? मग दुसरा कुठं उतारला?"

सर इतके खूश झाले की आपला स्टॉप आला तरी उतरले नाहीत. दुसरा उतरलेला नाही, दोघं मिळून एक झालेत, हे सांगता सांगता ते तीन मैल पुढं गेले आणि उन्हातून चालत परत आले. नंतर एम.एस्सी.च्या वर्गात येऊन म्हणाले, "जो प्रश्न कंडक्टरला पडला तो तुमच्यापैकी एकालाही पडत नाही, याचं मला वाईट वाटतं." वर्गाला काहीच वाईट वाटलं नाही.

सरांचे बीकर वारावर चालत. सोमवारी ठेवला तो सोमवार, गुरुवारी ठेवला तो गुरुवार. एकाच वारी दोन ठेवले की थोरला आणि धाकटा. "धाकटा मंगळवार रुसलाय," असं सर सकाळी सकाळी काळजीनं म्हणायचे, आणि बाहेरचा कोणी ऐकत असला तर त्याला वाटायचं सरांच्या घरी काहीतरी बिनसलंय. शनिवारी ते कधीच काही ठेवत नसत. शनीबिनीचं काही नव्हतं. रविवारी शेजारच्या मैदानावर मुलं व्हॉलीबॉल खेळायची, आणि ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी बसलेला धक्का कोवळ्या खड्याला सोसत नाही असा सरांचा हिशोब होता. त्यांनी खेळाच्या शिक्षकांना एकदा लेखी विनंती केली होती की मुलांनी शक्यतो उड्या न मारता खेळावं.

आणि ती वही. लांबट, हिशोबाच्या वहीसारखी, पण आत पेन्सिलीनं शुद्ध मराठीत सगळी नोंद. सगळी म्हणजे सगळी. 'सकाळी अकरा. प्राचार्य आले. मोठ्याने बोलले. बुधवारमध्ये कचरा.' 'दुपारी दोन. मी शिंकलो. सोमवारपासून चार हात लांब होतो.' 'वीज गेली. वीज आली. पुन्हा गेली.' मी पीएच.डी.ला त्यांच्याकडे आले त्या दिवशीची नोंद मी नंतर चोरून वाचली, 'नवी विद्यार्थिनी. सोनईकडची. बांगड्या वाजतात.' दुसऱ्या दिवसापासून मी बांगड्या काढून पर्समध्ये ठेवू लागले. आईला वाटलं मी कॉलेजात जाऊन फारच पुढारले.

सरांना मधुमेह होता. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, शाळेत शिक्षिका, बोलायला रोखठोक. त्या रोज सकाळी बिनसाखरेच्या चहाचा थर्मास भरून देत आणि बरोबर मला फोन करत, "आज त्यांनी वर्गात पेढा कोणाचा घेतला नाही ना गं?" मी "नाही काकू" म्हणायची. खोटं नव्हतं ते. पेढा ते घेत नसत. त्यांची सोय वेगळीच होती.

ती सोय कळायची तर आबांना भेटायला हवं. आबा आमच्या भागातल्या साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटत आटत येतो, आणि शेवटी ज्या मोठ्या पॅनमध्ये साखरेचा दाणा धरतो त्या पॅनवर उभा राहणारा तो पॅनमन. सर मला पहिल्याच हंगामात तिकडं घेऊन गेले. मला वाटलं, काहीतरी मशीन दाखवणार. सरांनी दाखवले ते आबा. आबा चौथी शिकलेले, अंगात बनियन, खांद्यावर ओला पंचा. पॅनमधून काचेच्या पट्टीवर जरासा पाक घेत, दिव्यासमोर धरत, बोटांत चोळत आणि म्हणत, "न्हाई. आजून दाना न्हाई." आणि आमचे डॉक्टरेट झालेले सर हात बांधून शेजारी उभे.

"हे कसं ओळखता, आबा?" मी विचारलं.

"कसं म्हंजी? बोटाला कळतंय." मग माझ्याकडं बघून त्यांना दया आली असावी. "ताई, घाई केली की लई बारीक दानं पडत्यात. ती जाळीतून मळीसंगं निघून जात्यात. मग साखर कुठली न् काय कुठलं. थोडंच दानं पडू द्यायचं आन् त्येच मोठं करायचं."

परत येताना सर म्हणाले, "माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण या माणसानं दोन वाक्यांत सांगितलं. आणि माझ्यापेक्षा सोपं." मला हसू आलं, पण सरांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी खरोखरच एका पेपरच्या शेवटी आबांचे आभार मानले होते, आणि त्याची प्रत आबांना नेऊन दिली होती. आबांनी ती लॅमिनेट करून घेतली.

तर हे आबा घरी दोऱ्यावर खडीसाखर वाढवायचे. मोठमोठे, चौकोनी, पाण्यासारखे खडे. दर हंगामाला एक डबा सरांना यायचा. साखरेचा खडासुद्धा लेसरखाली थोडा हिरवा देतो, त्यामुळे सरांच्या कपाटात तो डबा 'नमुना' म्हणून अधिकृत होता. या नमुन्यातला एक खडा रोज दुपारी तीनच्या सुमारास कमी व्हायचा. काकूंचा बिनसाखरेचा चहा कपात ओतायचा, अगेट दगडाच्या छोट्या खलात खडा कुटायचा, चिमूट कपात. हे मला माहीत होतं. सरांना माहीत होतं की मला माहीत आहे. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

आता माझ्या गुरुवारबद्दल. थोरला गुरुवार. एक नवा क्षार, मी तयार केलेला, आठ महिने वाढवलेला. उन्हाळ्यात मी त्या बीकरभोवती ओली फडकी गुंडाळली, थंडीत गोधडी. खडा चिंचोक्याएवढा झाला, आणि इतका नितळ की वहीवर ठेवला तर खालची पेन्सिल वाचता यायची. सरांनी वहीत लिहिलं, 'थोरला गुरुवार. छान.' 'छान' हा शब्द त्या वहीत मी दुसरीकडं कुठं पाहिलेला नाही.

त्याच सुमारास नगरच्या एका कॉलेजात जागा निघाली. पक्की, कायमची. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे जून आला की नेमणूक होईल का, आणि दिवाळी आली की पुढं काय, एवढंच आयुष्य. घरी लग्नाचं बोलणं मी या एका जागेच्या जोरावर थोपवून धरलं होतं. प्रबंध दिला असेल आणि चांगला पेपर हातात असेल तर ती जागा मला मिळणार, हे सगळे सांगत होते. म्हणून मी सरांच्या मागं लागले. क्रिस्टलची आतली रचना दुसऱ्या संस्थेतून तपासून घ्यायची होती, तिकडची रांग लांब होती. मी म्हटलं, सर, रचना मागाहून येईल, लेसरची परीक्षा आधी करू, पेपर पाठवू. सरांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाले, "बरं." आयुष्यात त्यांनी कोणाचं तरी घाईचं ऐकलं ते माझं.

लेसरची परीक्षा करायची तर क्रिस्टलची पूड करावी लागते. आठ महिने वाढवायचा आणि खलात घालून कुटायचा, असला हा धंदा. सरांनी ओल्या दोऱ्यानं घासून गुरुवारचे दोन भाग केले. एक ठेवला, एक माझ्या हातात दिला आणि स्वतः तासाला निघून गेले. मला वाटतं त्यांना बघवलं नसतं. मी कुटला, कुपीत भरला आणि कुरियरनं बंगळूरच्या एका मोठ्या संस्थेत पाठवला. दहा दिवसांत उत्तर आलं. हिरवा आला. फार नाही, पण आला.

त्या दिवशी सर चपला घालून प्रयोगशाळेत शिरले. यावरून काय ते समजा.

पेपर छापून आला, माझं नाव आधी, सरांचं नंतर. मी प्रबंध बांधायला टाकणार, मुलाखतीला महिना उरलेला, तेव्हा त्या लांब रांगेतून रचनेचा अहवाल आला. सरांनी तो संगणकावर तीनदा वाचला. मग खुर्ची मागं न सरकवता, तशीच जागेवरून उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "अगं, हा हिरवा देऊच शकत नाही."

काही क्रिस्टलची रचना दोन्ही बाजूंनी इतकी सारखी असते की त्यांच्यातून हिरवा निघतच नाही. निसर्गानं मनाई केलेली असते. थोरला गुरुवार त्यांतला निघाला. मग आलेला हिरवा कोणाचा?

खात्यातल्या दोघा-तिघांनी सल्ला दिला की गप्प बसा. पृष्ठभागामुळं होतं, अशुद्धीमुळं होतं, अशा गोष्टी शंभर पेपरांत आहेत, कोण बघतंय. त्या दिवशी मला ते लोक फार शहाणे वाटले. सर त्यांच्याशी वाद न घालता वही काढून बसले आणि मागं मागं पानं उलटू लागले. कुरियरच्या आदल्या दिवशीच्या नोंदीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांच्याच अक्षरात होतं, 'तीन वाजता. चहा. खलात खडीसाखर, एक खडा, मोठा.'

सरांनी मान वर केली. "दुसऱ्या दिवशी पूड करताना खल धुतला होतास ना?"

आता खरं सांगते. त्या दिवशी कुरियरवाला दारात उभा होता, गाडी चालूच ठेवून. खलाच्या तळाशी मला पांढरी भुकटी दिसली होती. मी ती ओढणीच्या टोकानं पुसली आणि गुरुवार आत टाकला. एवढंच.

"हो सर," मी म्हटलं. "धुतला होता."

सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि वही मिटली. पुन्हा विचारलं नाही.

उरलेला अर्धा गुरुवार नव्या कोऱ्या खलात कुटून आम्ही दोघं स्वतः बंगळूरला घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी आम्हाला काळे गॉगल दिले, सरांनी ते आपल्या चष्म्यावर चढवले. खोलीत अंधार केला. लेसर लागला. काही नाही. बाईंनी जोर वाढवला. काही नाही. मी आयुष्यात अंधाराकडं इतकं टक लावून कधी बघितलं नाही. मग सरांनी खिशातून एक पुडी काढली आणि अदबीनं म्हणाले, "आता हे लावून बघता का?" आबांची खडीसाखर, वेगळी कुटून आणलेली. बाईंनी लावली, आणि अंधारात एक हिरवा ठिपका पेटला. पोपटी, लहानसा.

माझा पेपर त्या ठिपक्यात संपला होता, जागाही संपली होती. आणि सर वाकून त्याच्याकडं बघत होते. "किती सुंदर आहे बघ," म्हणाले. "आबांना सांगायला पाहिजे." त्या वेळी मला त्यांचा इतका संताप आला की मी बाहेर जाऊन उभी राहिले.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले. सोलापूरच्या अलीकडं सरांनी इडलीचं पाकीट पुढं केलं, तेव्हा माझा बांध फुटला. "सर, तुम्हाला एवढी साखर सुटत नव्हती का?"

"नाही गं," सर म्हणाले. "खूप प्रयत्न केला. नाही सुटली."

मी खिडकीकडं तोंड करून रडले. त्यात अर्धी लाज होती, पण ती त्यांना दाखवायची माझी तयारी नव्हती.

सरांनी पेपर मागं घेण्याचं पत्र लिहिलं. अशी पत्रं लोक दोन ओळींत उरकतात. सरांनी पानभर लिहिलं. मार्गदर्शकाला वैद्यकीय सल्ल्यानं साखर वर्ज्य असताना तो प्रयोगशाळेच्या खलात ती कुटत असे, खल स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी सर्वस्वी त्याचीच होती, पहिल्या लेखिकेचा यात कोणताही दोष नाही. मी म्हटलं, "सर, मधुमेहाचं वाक्य काढा ना." ते आश्चर्यानं म्हणाले, "मग कारण अपुरं राहील."

त्या पत्राचा कच्चा खर्डा जेवणाच्या टेबलावर राहिला आणि काकूंनी वाचला. दुसऱ्या दिवशी काकू कॉलेजात आल्या. बाहेर चपला काढल्या, दार पोटाशी घेत आत आल्या, सगळी रीत पाळली, आणि कपाट उघडून डबे काढू लागल्या. नमुना एक, नमुना दोन, नमुना तीन. "परदेशातल्या संपादकाला सांगितलंत," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, कारण सोमवार वाढत होता. "बायकोला सांगायला काय झालं होतं?" सर खाली बघत उभे. मी त्यांची वही नंतर पाहिली. 'सौ. आली. हळू बोलली. सोमवारला धक्का नाही.'

नगरची जागा दुसऱ्याला मिळाली. घरचं बोलणं मी आणखी दोन वर्षं कसं थोपवलं ते माझं मला माहीत. दुसरा क्षार घेतला. या वेळी रचना आधी तपासली. खडा धरेना, तेव्हा आबांकडं बीज कसं सोडायचं ते शिकले, दोऱ्याला बारीक खडा बांधून. तो क्रिस्टल वाढला, हिरवाही आला, अस्सल त्याचा स्वतःचा. सर या काळात माझ्याशी पूर्वीसारखेच वागले. उलट मीच तुटकपणे बोलायची. लोकांसमोर कधी विषय निघाला तर "सरांच्या साखरेमुळं" म्हणायची, सगळे हसायचे, सरही हसायचे. मी एकदाही थांबले नाही.

व्हायवाला बाहेरून परीक्षक आले होते, वयस्कर, करड्या शिस्तीचे. सगळं नीट चाललं होतं. शेवटी त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "हा एक पेपर तुम्ही मागं घेतलाय. नमुन्यात साखर गेली कशी?"

पहिल्या रांगेतून सर अर्धे उठले. "पत्रात लिहिलंय सर. चूक माझी."

फळ्याजवळ मी उभी. समोर खातं, आई, वडील, काकू, आणि मागच्या खुर्चीत इस्त्रीचा सदरा घातलेले आबा. मला "हो" एवढंच म्हणायचं होतं. किंवा काहीच म्हणायचं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "खलात भुकटी मला दिसली होती. मी न धुता वापरला. आणि सरांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले."

परीक्षकांनी कागदावर काहीतरी टिपलं आणि पुढचा प्रश्न विचारला. उत्तर मी काय दिलं ते मला आठवत नाही. डिग्री मिळाली.

लोक बर्फी खात होते तेव्हा सर गुपचूप मागच्या खोलीत निघून गेले. मी चपला काढून मागोमाग गेले. ते स्टुलावर बसले होते आणि चक्क रागावलेले होते. त्यांना रागवता येत नाही, त्यामुळं कान नुसते लाल झाले होते.

"तुला काय गरज होती सांगायची? मिटलं होतं सगळं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"साखर पाण्यात विरघळते," सर म्हणाले. "खल धुतला असता तर हिरवा आलाच नसता. एवढी केमिस्ट्री मला येते."

मी समोरच्या स्टुलावर बसले. दोन वर्षं हा माणूस माझ्या थट्टेवर हसत होता. "मग पत्रात सगळं स्वतःवर का घेतलंत, सर?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. वर्गात एखादी अगदीच सोपी गोष्ट कोणी विचारली की बघायचे, तसं.

"अगं," ते म्हणाले, "माझी नोकरी पक्की होती."